पुण्यात शिवणाचं सामान आणि मीटरवरचं कापड नेमकं कुठे घेता?

धायरीची_नवशिकी

नमस्कार. आईची जुनी काळी पायमशीन आता माझ्याकडे आलीय आणि सोसायटीतल्याच एका काकूंकडे क्लास लावलाय. परकर, उशीचे अभ्रे, मुलीचा साधा फ्रॉक इथपर्यंत जमायला लागलंय. अडतंय ते सामानापाशी. आमच्या भागात फॉल-पिको करणारी दुकानं ढीगभर आहेत, त्यांच्याकडे रीळ, हूक, अस्तर मिळतं, पण जरा वेगळं काही मागितलं की "मागवून देतो ताई, बुधवारी या", आणि तो बुधवार काही उगवत नाही. मला सध्या हव्यात मशीनच्या सुया (कुठल्या नंबरच्या तेही धड कळत नाही), जास्तीच्या बॉबिन, कॉलरच्या आत घालतात ते कडक कापड, अर्ध्या इंचाचं इलॅस्टिक जे दोन धुण्यांत लोळागोळा होणार नाही, आणि मुख्य म्हणजे मुलीसाठी मऊ सुती कापड, तिला घामोळं फार येतं.

लक्ष्मी रोडला जाऊन आले तर जिकडे तिकडे साड्या आणि ड्रेस मटेरियल, मीटरवर साधं सुती मागितलं तर सेल्समनने टिकल्यांची नेट उलगडायला सुरुवात केली. सगळे म्हणतात रविवार पेठेत जा. पण रविवार पेठेत म्हणजे कुठे? होलसेलवाले दोन मीटर देतात का, की अख्खा तागाच घ्यावा लागतो? गाडी कुठे लावायची? भाव करायचा असतो का, मला ते अजिबात जमत नाही. एका फेरीत सगळं उरकेल असं सांगा प्लीज, पोरीला सासूबाईंकडे ठेवून यावं लागतं.

पेठेतली_माहेरवाशीण

माझं माहेर त्याच भागातलं त्यामुळे सांगते. रविवार पेठेत दोन नावं लक्षात ठेवायची, बोहरी आळी आणि कापडगंज. सुया, बॉबिन, चेन, बटणं, लेस, इलॅस्टिक, नाड्या, लटकन, कात्र्या असलं सगळं चिल्लर सामान बोहरी आळीच्या बाजूला, आणि तागे कापडगंजात.

गाडी आणूच नका. लक्ष्मी रोड वन वे, आतल्या गल्ल्यांत हातगाड्या आणि टेम्पो, तुम्ही पार्किंग शोधण्यातच अर्धा दिवस घालवाल. तुम्ही धायरीच्या ना, बसने किंवा गाडीने स्वारगेट, तिथून मेट्रो, पुढचंच स्टेशन मंडई. बाहेर पडलं की तुळशीबागेतून लक्ष्मी रोडला निघायचं आणि उजवीकडे चालत सुटायचं, बेलबाग चौक, मग सिटी पोस्ट, मग सोन्या मारुती चौक. तिथे कुणालाही बोहरी आळी विचारा, दाखवतील. फारच ओझं होणार असेल आणि गाडी आणायचीच असेल तर मंडईच्या पार्किंगला लावा आणि तिथून चाला.

दुकानाचं नाव मुद्दाम देत नाहीये कारण उपयोग नाही. एकाकडे चेन चांगल्या, दुसऱ्याकडे लेस, तिसरा फक्त बटणं विकतो, आणि आपल्याकडे नसेल तर "त्या तिसऱ्या दुकानात विचारा" असं तेच सांगतात. फक्त काय हवंय ते आधी नीट ठरवून जायचं. काउंटरवर उभं राहून "कुठली चेन चांगली हो?" असं विचारत बसलात तर तिथे गिऱ्हाइकी असते, टेलर लोक डझनावारी माल उचलत असतात, तुमच्याकडे बघायला कुणाला वेळ नसतो. तेच "आठ इंची, कन्सील, बाटलीचा हिरवा, चार द्या" म्हटलं की मिनिटात माल हातात.

किरकोळ देतात का, तर चिल्लर सामानवाले देतात, पण काही गोष्टी डझनाच्या पाकिटातच असतात आणि बटणं काही ठिकाणी ग्रोसवर, म्हणजे १४४. कापडगंजात मात्र आत शिरण्याआधी दारातूनच विचारायचं, "रिटेल देता का?" काही देतात, काही मान हलवतात. मान हलवली तर वाईट वाटून घेऊ नका, पुढचं दुकान. भावाचं म्हणाल तर होलसेलच्या गल्लीत फार घासाघीस चालत नाही, भाव ठरलेले असतात. जास्त घेतलंत तर "जरा बघा की" एवढं म्हणा, वरचे सुटे सोडतात. भाव करायचा तो तुळशीबागेत, आणि तिथेसुद्धा आतल्या पक्क्या दुकानांत नाही, बाहेरच्यांकडे.

वेळ महत्त्वाची. पुण्यात आहात तर दुपारी एक ते चारचं वेगळं सांगायला नको. सकाळी अकराच्या सुमाराला पोचा. आठवड्याची सुट्टी प्रत्येक गल्लीची वेगळी, त्यामुळे निघायच्या आधी एक फोन टाका नाहीतर शटर बघून परत.

सगळं_घरपोच

एवढी वणवण कशाला? सुया बॉबिन इलॅस्टिक सगळं ऑनलाइन मिळतं, दोन दिवसात दारात. पेट्रोल वाचतं, डोकं पण शांत राहतं.

दोन_बोटं_माया

घरपोच साहेब, सुयांचं पाकीट ऑनलाइन मागवायला हरकत नाही, पण या ताईंना आपल्या मशीनला कुठली सुई लागते हेच माहीत नाही तर मागवणार काय? माझं आयुष्य टेलरिंगमध्ये गेलं, थोडं सविस्तर लिहितो.

ताई, आधी मशीनमधली जुनी सुई काढा आणि तिचा वरचा जाड दांडा बघा. एका बाजूने चपटा असेल तर ती घरगुती सुई, पाकिटावर एचए×१ असं असतं. दांडा पूर्ण गोल असेल तर तुमच्या आईंची मशीन टेलर मॉडेलची आहे, तिला वेगळी सुई लागते. या दोन एकमेकींच्या जागी बसवायच्या भानगडीत पडू नका, टाके सुटतात, नाहीतर सुई तुटून डोळ्याकडे येते. जुनी सुई कागदात गुंडाळून दुकानात न्या आणि काउंटरवर ठेवा. बॉबिनचं पण तेच, बॉबिन आणि तिची केस दोन्ही बरोबर न्या. काळ्या मशीनची बॉबिन आणि आजच्या झिगझॅग मशीनची बॉबिन दिसायला सारख्या वाटतात, बसतीलच असं नाही.

नंबर असे. मलमल, व्हॉइल, पातळ जॉर्जेट याला ११. रोजचं सुती, पॉपलीन, अस्तर याला १४, तुमचं निम्म्याहून जास्त काम यावरच. जाड कॉटन, पडदे, पातळ जीन्सला १६. जाड जीन्स आणि पिशव्यांना १८. टी-शर्टचं ताणणारं कापड शिवणार असाल तर बॉलपॉइंट सुई वेगळी मागा, साध्या सुईने त्याला बारीक भोकं पडतात आणि मधले टाके गळतात. ही बॉलपॉइंट छोट्या दुकानांत नसते बऱ्याचदा, ती मात्र घरपोच साहेबांच्या पद्धतीने मागवा. आणि सुई ही काय पिढ्यान्‌पिढ्या चालवायची वस्तू नाही, कापडातून जाताना टकटक आवाज यायला लागला की बदला. लोक मशीन रिपेअरला आणतात आणि आत निघते बोथट सुई.

सुई बसवताना तिच्यावर एका बाजूला लांब खाच असते, दोरा ज्या बाजूने ओवता ती खाच त्या बाजूला हवी. उलटी बसली तर मशीन शिवणारच नाही.

कॉलरच्या आत घालतात त्यासाठी दुकानात पेस्टिंग मागा. एका बाजूला हात फिरवला की खरखरीत लागतं तो गोंद, ती बाजू कापडाला लावून इस्त्री दाबायची, घासायची नाही. कुर्त्याच्या गळ्याला पातळ पेस्टिंग, शर्टाच्या कॉलरला जाड कॅनव्हास. बकरम म्हणून जे देतात ते पडद्याच्या पट्टीला ठीक, लेकराच्या फ्रॉकच्या कॉलरला लावू नका, मानेला टोचेल. पेस्टिंग मीटरवर मिळतं, अर्धा मीटर पुष्कळ होतं.

इलॅस्टिक ताणून बघायचं. दुकानातच दुप्पट ताणा आणि सोडा, लगेच जागेवर आलं तर घ्या. ताणल्यावर मधले रबराचे पांढरे धागे उघडे दिसायला लागले तर ठेवून द्या. आणि ते फार घट्ट मापात घालू नका, म्हणजे सतत ताणलेलं राहणार नाही, जास्त दिवस टिकेल.

दोऱ्यात कंजुषी करू नका. पाच-दहा रुपये वाचवायला रस्त्यावरची स्वस्त रिळं घेतली की मशीनमध्ये लव साठते, दोरा मधेच तुटतो आणि नवशिक्याला वाटतं आपलंच चुकतंय. वर्धमान, कोट्स असलं नावाचं रीळ घ्या. उजेडाकडे धरून दोरा बघा, फार केसाळ असेल तर नको.

मशीनचा चामडी पट्टा, तेलाची कुपी, बॉबिनचा रबर हे पण टेलरिंग मटेरियलच्या दुकानात मिळतं, एकदाच आणून ठेवा. पट्टा रविवारी संध्याकाळीच तुटतो.

पिंपरीकर_७

आमच्या बाजूचं कुणीच लिहित नाही म्हणून. पिंपरी-चिंचवड, वाकड, सांगवीच्या लोकांनी पेठेत जायची गरज नाही, पिंपरी कॅम्पात शगुन चौकाच्या आजूबाजूला कापडाचं सगळं मिळतं. मॅचिंग, अस्तर, ड्रेसचं कापड, पडद्याचं पण. संध्याकाळी पाय ठेवायला जागा नसते, दुपारी जा.

धायरीची_नवशिकी

बापरे किती छान माहिती. सुई काढून बघितली, एका बाजूने चपटी आहे!! म्हणजे घरगुतीच. माहेरवाशीण ताई मेट्रोची आयडिया बेस्ट, सासूबाईंना पण येते म्हणाल्या, त्यांना तुळशीबाग दिसतेय 🙂

आता कापडाचं सांगा ना कुणीतरी. दुकानात सगळेच "प्युअर कॉटन आहे मॅडम" म्हणतात. मागे असंच एका दुकानातून प्युअर म्हणून घेतलेलं गुलाबी कापड इतकं गरम व्हायचं की पोरीने फ्रॉक ओढून काढला. आणि पहिल्या धुण्यात रंग जातो त्याला काय करायचं, मिठाच्या पाण्यात ठेवायचं म्हणतात ना?

गोधडीवाली

मी गोधड्या शिवते, सुती कापडाशी रोजचा संबंध, त्यामुळे हे माझ्या आवडीचं आहे.

ओळखायचा खात्रीचा उपाय म्हणजे जाळून बघणं. दुकानात नाही हं! काठाचे दोनचार धागे मागून घ्या, देतात, किंवा पाव मीटर नमुना आणा. घरी सिंकमध्ये चिमट्यात धरून पेटवा. सुती धागा कागदासारखा जळतो, वासही जळक्या कागदाचा, आणि मागे मऊ राख राहते जी बोटाने चुरली जाते. पॉलिएस्टर आक्रसतं, वितळतं आणि टोकाला काळा टणक मणी होतो. दोन्ही प्रकार दिसले, म्हणजे थोडी राख आणि थोडा मणी, तर मिक्स. तुमचं गुलाबी बहुतेक मिक्सच असणार. दुकानात उभ्या उभ्या करायचं तर मुठीत घट्ट चुरगळा आणि सोडा, सुती कापडावर चुण्या तशाच राहतात, पॉलिएस्टर लगेच सरळ होतं. पण ही चाचणी कच्ची आहे, फिनिश दिलेलं कापड फसवतं.

घामोळ्यासाठी मलमल किंवा केंब्रिक. मलमल विरळ आणि हवेशीर पण फ्रॉकला एकेरी घातली तर आरपार दिसतं, आत मलमलचंच अस्तर लावा, पॉलिएस्टरचं अस्तर अजिबात नको, नाहीतर सगळ्या खटाटोपाचा उपयोग शून्य. बरेच जण हेच करतात, बाहेरून महागाचं सुती आणि आतून स्वस्तातलं चकचकीत अस्तर. केंब्रिक जरा घट्ट विणीचं, घेर चांगला बसतो, शिवायलाही सोपं, नवीन हाताला मी केंब्रिकच सांगेन. पॉपलीन परकराला आणि पायजम्याला. आपल्याकडे हे साधं सुती बरंचसं इचलकरंजीकडून येतं, तिथे १९०४ सालापासून यंत्रमाग चालताहेत, उगाच महाराष्ट्राचं मँचेस्टर म्हणत नाहीत. दुकानदाराला "इचलकरंजीचं केंब्रिक आहे का" म्हटलंत तर तो पण जरा सावरून बसतो.

आणखी एक, घरात घालायचे कपडे आधी मांजरपाटावर, म्हणजे कोऱ्या साध्या सुती कापडावर, कापून बघा. कोरा मांजरपाट स्वस्त असतो, त्यावर फ्रॉक बेतून टाके घालून पोरीच्या अंगावर चढवायचा, कुठे ओढतंय कुठे ढगळ होतंय ते दिसतं, मग चांगल्या कापडाला कात्री लावायची. क्लासमध्ये हे शिकवत नाहीत कारण कागदी ड्राफ्टवर भागवतात.

आता मीठ. मिठाच्या पाण्याने रंग पक्का होत नाही हो. कापड रंगवताना मीठ घालतात हे खरं, त्याने रंग धाग्यात शिरायला मदत होते, पण तयार कापडाचा जो रंग धरलाच गेला नाही तो नंतर मीठ घालून धरणार नाही. पहिल्या दोनतीन धुण्यात जो सुटतो तो वरवरचा जास्तीचा रंग, तो जाऊ दे, वेगळं भिजवा, पाणी स्वच्छ येईपर्यंत खळबळा. घ्यायच्या आधी बघायचं असेल तर पांढरा रुमाल ओला करून कापडाच्या कोपऱ्यावर घासा, रुमालावर रंग उतरला तर फिकट कापडाशी त्याची जोडी लावू नका. लाल आणि गडद निळा याबाबतीत सगळ्यात वाईट.

आणि बेतायच्या आधी भिजवायचंच. कोरं सुती मीटरमागे तीन ते पाच सेंटिमीटर सहज आटतं. अस्तर पण भिजवा! वरचं भिजवलं आणि अस्तर तसंच ठेवलं तर धुतल्यावर अस्तर आखडून वरच्या कापडाला सुरकुत्या पडतात.

पेठेतली_माहेरवाशीण

माझी आई अजून मीठ घालते 😄 तिला हे वाचून दाखवणार नाहीये.

गोधडीवाली

घालू देत की, मिठाने नुकसान काहीच नाही. बादलीभर पाण्यात भिजवल्याने जास्तीचा रंग जातो आणि श्रेय मिठाला मिळतं, एवढंच.

काठपदर

मधेच घुसतेय सॉरी. मला खण हवाय मीटरवर, भाचीच्या बारशाला मुलींचे परकर-पोलके शिवायचेत. आणि पैठणी ब्लाउजला मॅचिंग पण. तुळशीबागेतच जाऊ का?

पेठेतली_माहेरवाशीण

खण तुळशीबागेत आणि लक्ष्मी रोडच्या मॅचिंग सेंटरवाल्यांकडे दोन्हीकडे मिळतो. पण काय घेताय ते कळायला हवं. मूळ खण येतो कर्नाटकातून, बागलकोट जिल्ह्यातलं गुळेदगुड्ड, हातमागावरचा, पन्हा (कापडाची रुंदी) अरुंद कारण तो चोळीच्या मापानेच विणलेला. आता बाजारात बहुतेक ठिकाणी खण म्हणून जे दिसतं ते यंत्रमागावरचं, मोठ्या पन्ह्याचं, आर्ट सिल्क किंवा पॉलिएस्टर. ते वाईट असं नाही, उलट परकर-पोलक्याला मोठा पन्हा सोयीचा, घेर काढता येतो, धुवायला सोपं आणि लहान मुलं सांडासांड करणारच. फक्त हातमागाचे पैसे देऊन ते घेऊ नका. आणि आत सुती अस्तर लावा, बारशाच्या गर्दीत पोरं उकडून रडतात.

मॅचिंगला पैठणी बरोबर न्या, फोटो चालत नाही, मोबाइलमध्ये रामा आणि मोरपिशी एकच दिसतात. पीस पसंत केला की दोन्ही घेऊन दुकानाच्या पायरीवर या आणि उन्हात बघा. ट्यूबलाइटखाली मॅच झालेलं बाहेर आलं की भलतंच निघतं. कुठलाही मॅचिंगवाला याला नाही म्हणत नाही, त्यांना सवय आहे.

दोन_बोटं_माया

कापड घेताना पन्हा विचारल्याशिवाय मीटर सांगू नये, हे राहिलंच होतं. ३६, ४४ आणि ५८ इंच असे साधारण पन्हे येतात. गुडघ्यापर्यंतचा बाह्यांचा कुर्ता ४४ पन्ह्यात सव्वादोन ते अडीच मीटर घेतो, ५८ मध्ये दोन मीटरच्या आत बसतो. लोक मीटरचा भाव बघून ३६ पन्ह्याचं स्वस्त म्हणून उचलतात आणि कापड जास्त लागून हिशेब तिथल्या तिथे होतो. फुलांची दिशा एकाच बाजूची असेल किंवा मोठे चौकडे असतील तर पाव-अर्धा मीटर जास्त घ्या, नाहीतर पुढच्या भागात फुलं वर आणि पाठीवर खाली. भिजवल्यावर आटणार ते वेगळं धरा.

कटपीसच्या ढिगात मात्र नीट बघून घ्या. कटपीसवर माझा राग नाही, उलट शिकणाऱ्यांनी तेच घ्यावं, पण पूर्ण उलगडून उजेडाला धरायचं, मधे विणीचा दोष, डाग, कडेला फाटकं असतं, आणि एकदा कापलं की परत घेत नाहीत.

कुलकर्णीकाकू_औंध

आमच्या वेळी लक्ष्मी रोडवरच सगळं मिळायचं, आता नुसते ब्रँड आले. कॅम्पात सेंटर स्ट्रीट, एमजी रोडला शर्टाचं-सुटाचं कापड बरं मिळतं, तिथे जाणार असाल तर सांगून ठेवते की फॅशन स्ट्रीट रेडीमेडसाठी, कापड शोधत तिथे फिरू नये. खादी घ्यायची असेल तर खादी भांडारात सवलतीच्या दिवसांत जावं, गांधी जयंतीच्या सुमारास असते. लेकरासाठी धुतलेली खादी फार छान, पहिल्यांदा जाड वाटते पण धुण्यागणिक मऊ होते.

बॅगवाला_हडपसर

पिशव्या शिवणाऱ्यांसाठी. रेक्झिन, फोम वगैरे कापडवाल्यांकडे शोधू नका, नाना पेठेत गाड्यांच्या सीट कव्हरवाल्यांकडे विचारा. तुकडे पण देतात कधीकधी.

पेठेतली_माहेरवाशीण

अजून एक गुपित. मोठी खरेदी असेल तर पितृपक्षात जा. बरेच लोक त्या पंधरवड्यात नवं कापड घेत नाहीत, दुकानं रिकामी, दुकानदार खुर्चीत बसलेला असतो, दहा तागे उलगडून दाखवतो, चहा पण विचारतो. गणपतीच्या आधी आणि दसरा ते दिवाळी तिकडे फिरकू नका, मिरवणुकीसारखी गर्दी. जूनमध्ये शाळा सुरू होताना युनिफॉर्मवाल्या टेलरांची झुंबड असते, तेव्हा पांढरी बटणं आणि खाकी-निळं कापड सोडून कशालाच भाव नाही.

सगळं_घरपोच

ठीक आहे मान्य, कापड हात लावूनच घ्यावं. पण गर्दीत माझ्याकडून होत नाही. कोथरूडला जवळपास काही?

दोन_बोटं_माया

तुमच्या गल्लीतल्या टेलरला विचारा. तो स्वतः अडीनडीला सामान कुठून आणतो ते ठिकाण प्रत्येक भागात एखादं असतंच, साधं छोटं दुकान असतं, बाहेर बोर्ड कधी असतो कधी नसतो. चांगलं विचारलं तर सांगतो. फक्त दिवाळीच्या तोंडावर विचारू नका, तेव्हा तो स्वतःच्या बायकोशी पण बोलत नाही.

धायरीची_नवशिकी

यादी तयार केली. जुनी सुई आणि बॉबिन-केस एका डबीत ठेवलीय, रुमाल पण घेतलाय ओला करायला 😀 शेवटचं एक विचारते, नवऱ्याचा शर्ट शिवायला घेतलाय, क्लासमधल्या काकू म्हणाल्या बटणं १८ लाइनची आण. आणि काजं? माझी मशीन नुसती सरळ शिलाई मारते, हाताने करायला गेले तर कोळ्याचं जाळं झालं.

दोन_बोटं_माया

१८ लाइन बरोबर, शर्टाचं नेहमीचं बटण तेच, साधारण साडेअकरा मिलिमीटर येतं. दोनचार जास्तीची घ्या, एक आत पट्टीला टाकून ठेवा.

काजं मशीनवर करून देणारे वेगळे असतात, काजं-बटण अशी पाटी असते, पेठेत मिळतील आणि जिथे टेलर जास्त आहेत तिथे बाकी भागांतही. नगावर पैसे घेतात. शर्ट पूर्ण शिवून, बटणपट्टी आणि कॉलर झाल्यावर न्यायचा, बाही-कफ राहिला असेल तर आधी तो उरका, नाहीतर कफाच्या काजांसाठी दुसरा हेलपाटा. दोरा तुमचाच द्या म्हणजे रंग जुळतो, त्याच्याकडे पांढरा आणि काळा एवढंच लावलेलं असतं बऱ्याचदा. एक बटण पण बरोबर द्या, काजाची लांबी त्यावरून धरतो. आणि खडूने खुणा करून द्या, पट्टीवर उभी आणि कॉलरच्या बँडवर आडवं, नाहीतर घाईत तो सगळी उभीच मारून मोकळा होतो.